एकेचाळिसाव्या मिनिटाचं वर्णन

तिला स्टुडिओत सगळे डोळेबाई म्हणायचे. हे नाव रेकॉर्डिंगवाल्याने ठेवलेलं, आणि नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्मायचा होता. पण या वेळी त्याचं चुकलं नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सिनेमाचं वर्णन लिहायचं आणि ते आपल्याच आवाजात रेकॉर्ड करायचं, हेच तिचं काम. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की त्या मधल्या जागेत डोळेबाई बोलणार. तो खिडकीपाशी जातो. ती पाकीट फोडते, आतला कागद कोरा आहे. दोन वाक्यांच्या मध्ये तीन सेकंद असले तर तीन सेकंदांत आटपायचं. साडेतीन झाले की नायकाच्या बोलण्यावर आपलं बोलणं चढलंच म्हणून समजा. अर्ध्या सेकंदासाठी ही बाई अशी घासाघीस करायची की रेकॉर्डिंगवाला शेवटी हात जोडायचा. "घ्या बाई, अर्धा काय, पाऊण घ्या, पण मला जेवायला जाऊ द्या."

या कामाचा एक नियम आहे आणि तो पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकून बसवतात. दिसतं तेवढंच सांगायचं. 'ती रागावली' म्हणायचं नाही, 'तिने ओठ आवळले' म्हणायचं. राग आला की पोट दुखलं ते ऐकणारा ठरवेल. नव्या मुली इथेच अडखळतात, त्यांना सगळ्यांच्या मनातलं सांगायची भारी हौस. डोळेबाई कधी अडखळली नाही. बारा वर्षांत तिचा एक रंग चुकला नव्हता की डाव्याचा उजवा हात झाला नव्हता. ऑफिसात तिचं उदाहरण द्यायचे. ती मात्र प्रत्येक वाक्य चार-चार वेळा पडद्याशी ताडून बघायची, आणि घरी पोचल्यावर भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबायची, की ती छत्री काळीच होती ना? आपण पाहिलं तेच आपण पाहिलं का, याची खात्री या बाईला जन्मात कधी वाटली नव्हती. उगाच नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असायचं.

तिची आई.

आई एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. पस्तीस वर्षं नोकरी केली. वॉर्डातले पेशंट तिला दुवा द्यायचे. बरी होऊन घरी गेलेली माणसं वर्षा-वर्षांनी रस्त्यात थांबवून सांगायची, सिस्टर, तुम्ही होतात म्हणून मी वाचलो. लहानपणी डोळेबाई आईचं बोट धरून हे ऐकायची आणि तिची मान ताठ व्हायची. मग घरी आल्यावर दूध सांडलं, वही हरवली, रडं थांबता थांबेना, की हीच सिस्टर तिचा दंड धरायची, स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत ढकलायची आणि बाहेरून कडी लावायची. खोलीला खिडकी नव्हती. दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर. वडील ती पाच वर्षांची असतानाच वारले होते. घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणजे कडी काढणारं कुणी नव्हतं आणि पाहणारंही कुणी नव्हतं.

असं किती वेळा झालं, दर वेळी ती किती वेळ आत असायची, हे तिला सांगता आलं नसतं. अंधारात कुठलं आलंय घड्याळ. दहाव्या वर्षाच्या आसपास ते एकाएकी थांबलं एवढं तिला माहीत होतं, का थांबलं ते माहीत नव्हतं.

बाविसाव्या वर्षी तिने एकदा सगळा धीर गोळा करून विचारलं. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तू मला त्या खोलीत का कोंडायचीस?"

आईने मान वर केली नाही. "कुठल्या खोलीत? मला नाही बाई असलं काही आठवत. तू लहानपणी झोपेत ओरडायचीस. स्वप्न पडलं असेल एखादं."

झालं, विषय संपला. लग्नाआधी तिने पुन्हा एकदा विचारलं, मुलगी झाल्यावर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "तुझ्या डोक्यात काय काय येत असतं गं." तोवर ते जुनं घरही पाडलं गेलं होतं, त्यामुळे बोट दाखवायला दारही उरलं नव्हतं. आता सांगा, अर्ध्या गावाला जिने मरणाच्या दारातून ओढून आणलं ती बाई खोटं कशाला बोलेल? डोळेबाईने स्वतःला अनेकदा हेच विचारलं आणि दर वेळी स्वतःलाच खोटं ठरवलं. तिला आईकडून माफी नको होती, रडारड तर मुळीच नको होती. 'हो, असं झालं होतं' एवढंच वाक्य हवं होतं. दोन सेकंदांचं काम.

मग आईचे डोळे गेले. काचबिंदू. दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालता घालता स्वतःचे डोळे दाखवायला हिला फुरसत झाली नव्हती. चार वर्षांपूर्वी डोळेबाईने तिला आपल्या घरी आणलं. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. एरवी घरात या तिघीच, आई, डोळेबाई आणि तिची दहा वर्षांची लेक. लेकीला आजी भिंगरी म्हणायची, कारण ती एका जागी बसली तर शपथ.

आणि आईला कामही मिळालं. स्टुडिओची पद्धत अशी की वर्णन लिहून झालं की ते रेकॉर्ड करण्याआधी दृष्टी नसलेल्या एका माणसासमोर सिनेमा चालवून वाचायचं. त्याने बोट वर केलं की थांबायचं. त्याला काही कळलं नाही, काही खटकलं, तर तिथे दुरुस्ती. त्याने 'चालेल' म्हटल्याशिवाय माइक सुरू व्हायचा नाही. डोळेबाईचे ऐकणारे दोन. एक ऑपरेटरकाका, जन्मभर टेलिफोनवर बसलेले. दुसरी आई. आईचा कान असा तयार झाला होता की नट जिना चढतोय की उतरतोय हे ती वर्णनाआधी सांगायची.

एवढं सगळं चाललं होतं, पण आई-मुलीचा सिनेमा कधी डोळेबाईने घेतला नव्हता. तशी फाइल आली की ती अलगद दुसऱ्या वर्णनवालीकडे सरकवायची. मारामारीचे घेतले, भुताखेतांचे घेतले. त्या भुतांना ती घाबरत नव्हती.

महिन्यापूर्वी काय झालं ते आता सांगायला हवं. भिंगरीने पाण्याचा अख्खा तांब्या डोळेबाईच्या लॅपटॉपवर ओतला. मुद्दाम नाही, भिंगरीसारखीच गिरकी घेताना. सहा दिवसांचं काम पाण्यात गेलं. डोळेबाईला पुढचं नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पोरीला दंडाला धरून बाथरूममध्ये ढकललेलं होतं, दार ओढून घेतलं होतं आणि तिची बोटं बाहेरच्या कडीवर होती. आतून भिंगरी म्हणाली, "आई, दिवा लाव ना."

डोळेबाईने दार उघडलं. पोर तिच्या हाताखालून निसटून आजीकडे पळाली. आजी खुर्चीत बसली होती. तिने रेडिओ बंद केला होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. ती काहीही बोलली नाही. नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या दिवसापासून डोळेबाईच्या जिवाला थारा नव्हता. ती भिंगरीशी इतकं गोड बोलायला लागली की पोरच बिचकली. "आई, तुला बरं नाही का?" बाथरूमची कडी दिसली की डोळेबाई नजर वळवायची. डोक्यात एकच किडा. ते सगळं स्वप्न होतं तर मग आपला हात त्या कडीकडे गेला कसा? हाताला कुणी शिकवलं? आणि स्वप्न नव्हतं, तर ते आपल्या अंगात आहे, पुन्हा येईल, आणि एक दिवस आपण कडी लावूच.

आणि नेमकी अशा वेळी दुसरी वर्णनवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या वाटणीचा सिनेमा डोळेबाईच्या गळ्यात पडला. आई आणि मुलगी. आईचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. मुलगी मोठी होऊन परत येते, दोघी भांडतात, मधे मधे मुलीचं बालपण. चांगला होता हो सिनेमा, तेच तर दुखणं होतं. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यातली आई सहा वर्षांच्या मुलीला दुकानामागच्या खोलीत कोंडते. त्या प्रसंगात कुणी चकार शब्द बोलत नाही. एकशे दहा सेकंद. जी बाई अर्ध्या सेकंदासाठी जीव टाकायची तिला देवाने एकदम एकशे दहा दिले, आणि तिने तिथे एक अक्षर लिहिलं नाही.

रेकॉर्डिंगवाल्याने कागद चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, हे काय? इथे पानच कोरं?"

"प्रसंग बोलका आहे. आवाजांवरून कळतंय सगळं."

"कुणाला कळतंय? आपल्याला दिसतंय म्हणून कळतंय. ऐकणाऱ्याला वाटेल, गेलं, मशीन बंद पडलं." तो जरा थांबला. एवढी वर्षं बरोबर काम केलेलं, त्याला काहीतरी वास लागला असावा. "बरं नसेल वाटत तर पुढच्या आठवड्यात घेऊ. पण साहेब ऐकायचे नाहीत. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ लागलीय. त्याआधी ऐकून घ्या कुणाकडून तरी."

"ऑपरेटरकाकांना विचारते."

"ते गुडघा बदलायला गेलेत. तुमच्या आई आहेत की."

बुधवारी ती प्रसंग लिहायला बसली. अकरा ओळी झाल्या, अगदी नियमाला धरून. मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच वाचून बघितल्या, तर चौथ्या ओळीला आवाज जो बसला तो सुटेचना. हे आईसमोर वाचायचं? आई म्हणेल, असं कुणी करतं का, काय पण सिनेमे काढतात. आणि मग आपल्याला चौथ्यांदा खोटं ठरावं लागेल. किंवा आई रडायला लागेल आणि आंधळ्या म्हातारीला रडवल्याचं पाप माथी. दोन्हीची तिला सारखीच भीती वाटली. शेवटी तिने ठरवलं की तेवढा प्रसंग न ऐकवता सिनेमा पुढे ढकलायचा, आईला कळणार नाही, आणि कागदावर 'चालेल' लिहून मोकळं व्हायचं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने लबाडी करायचं ठरवलं.

गुरुवारी भिंगरी शाळेत गेल्यावर अकरा वाजता दोघी बसल्या. आई खुर्चीत, पाय स्टुलावर, उजवा हात मांडीवर, बोट तयार. डोळेबाई टेबलाशी लॅपटॉप घेऊन. पहिली चाळीस मिनिटं छान गेली. आईने दोनदाच बोट वर केलं. एकदा म्हणाली, "इस्त्री ठेवल्याचं दोनदा सांगितलंस, एकदा पुरे." दुसऱ्यांदा, "मोठी मुलगी आणि लहान मुलगी एकच, हे मला उशिरा कळलं. आधी सांग." दोन्ही बरोबर होतं.

चाळीस मिनिटं आणि पन्नास सेकंद. डोळेबाईने बटण दाबलं. सिनेमा उडी मारून शाळेच्या रस्त्यावर गेला.

बोट वर झालं.

"मधे काय गेलं?"

"काही नाही, आई."

"कसं काही नाही? आत्ता दुकानात पाण्याचा नळ चालू होता. बाटली फुटली. आणि आता एकदम मोटारी. नळ कुणी बंद केला?"

"थोडं लांबण लावलंय तिथे. कंटाळवाणं आहे. पुढे ढकललं."

आईचं बोट खाली आलं नाही. "तू कधी ढकलत नाहीस," ती म्हणाली. "माझ्यासाठी ढकललंस का?"

डोळेबाईने सिनेमा मागे नेला. झालं ते झालं, कागदावरचं वाचायचं, नजर कागदावरून हलवायची नाही, एकशे दहा सेकंद म्हणजे काय, दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

"निळीची बाटली फरशीवर फुटलेली," ती वाचू लागली. "पांढऱ्या चादरीवर निळे डाग. मुलगी भिंतीला टेकते. आई नळ बंद करते. मुलीचा दंड धरते."

चपलांचा फटफट आवाज. दार. कडी.

बोट वर. डोळेबाईने सिनेमा थांबवला.

"कडी आतून लागली की बाहेरून?"

"बाहेरून."

बोट खाली आलं. "चालू दे," आई म्हणाली, आणि तिने स्टुलावरचे पाय खाली घेतले.

पुढचं जे झालं ते डोळेबाईला नंतर रेकॉर्डिंगवाल्याला कधीच सांगता आलं नाही. सातवी ओळ वाचताना कागदावरची अक्षरं पुसट झाली. पडद्यावर अंधार होता, खोलीतलाच. ती बोलत राहिली. आवाज बसला नाही, उलट मोकळा झाला, कामाला बसल्यावर होतो तसा.

"मुलगी दाराला पाठ लावून बसते. गुडघे पोटाशी. दाराखालच्या फटीतून उजेड येतोय. ती आडवी होते. गाल फरशीला लावते. फटीतून बूट दिसतात. पांढरे. डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे. बूट हलत नाहीत. मुलगी तोंडात फ्रॉकचा काठ धरते. बूट अजून तिथेच आहेत."

बोट वर झालं, पण नेहमीसारखं ताठ नाही.

"बूट कुठून आले?" आईने विचारलं. "त्या बाईच्या पायात चपला आहेत. मी पहिल्यापासून ऐकतेय. फटफट वाजतात."

डोळेबाईने पडद्याकडे पाहिलं. तिथे बूट नव्हते. कागदावरही नव्हते. दाराखालची फटसुद्धा त्या सिनेमात कुठे दाखवली नव्हती. म्हणजे आई म्हणत होती तेच खरं, तिला नसलेलं दिसत होतं, आणि अशा बाईच्या भरवशावर एवढी माणसं सिनेमे ऐकत होती.

"चुकलं," ती म्हणाली. "परत घेते. सॉरी, आई. काय झालं मला कळत नाही. मी परत घेते."

"थांब."

सिनेमा तसाच चालू होता. रस्ता, मोटारी, शाळेची घंटा. आईने हात पुढे करून हवेतच चाचपला. "बंद कर ते."

तिने बंद केलं.

"डाव्या बुटाची नाडी," आई म्हणाली. "ती टिकायचीच नाही. तिचं टोक उसवलेलं होतं, भोकातून पटकन जायचं नाही, मग मी तशीच सोडायचे. मेट्रन ओरडायची त्यावरून." तिने डावं पाऊल जरा पुढे सरकवलं. "ते बूट माझे आहेत."

डोळेबाईने एवढी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, तर ती आनंदाने नाचायला हवी होती. तिला आधी राग आला. असा राग की तिला स्वतःचीच भीती वाटली, आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"तू म्हणालीस तुला आठवत नाही."

"खोटं बोलले."

"तीनदा."

"हो. तिन्ही वेळा खोटं बोलले."

"वीस वर्षं मी स्वतःला वेडी समजतेय, आई. छत्रीचा रंग लिहिला तरी मला वाटतं चुकला असणार. डॉक्टरला दाखवून आले मी एकदा, तुला माहितेय? डोक्याच्या डॉक्टरला. सांगितलं की मला लहानपणाबद्दल काहीतरी भास होतात. भास." तिचा आवाज चिरकला. "तू दाराबाहेर उभी असायचीस?"

"कधी कधी."

"मी रडत असताना?"

"हो."

"कशाला?"

आईला गोड करून सांगता आलं असतं. काळीज तुटत होतं म्हणून उभी होते, असं म्हणाली असती तर कोण नाही म्हणणार होतं? पण त्या दिवशी म्हातारीने ठरवलंच होतं बहुतेक. "तू कधी गप्प होतेस ते बघायला," ती म्हणाली. "दिवसभर कण्हणं ऐकून यायचे गं. घरी आलं की मला आवाज नको असायचा. तुझा पण नको असायचा. खरं सांगते."

डोळेबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. पाणी प्यायचं विसरली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं."

"हो म्हटलं असतं तर तू मला सोडून गेली असतीस. मग डोळे गेले. मग तर आणखीनच भ्याले. मी कुठे जाणार होते?" आईने चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेने वळवला. "त्या दिवशी तू भिंगरीला बाथरूममध्ये नेलंस. मी इथे बसून कडीच्या आवाजाची वाट बघत होते. आत्ता वाजेल, आत्ता वाजेल. नाही वाजली. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. जीभ उचलली नाही. तुला वाटलं असेल ना, हे कुठून आलं माझ्यात?"

"रोज वाटतं."

"माझ्याकडून आलंय. पण तू दार उघडलंस. मी ऐकलंय."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. साडेतीनला पोर यायची. डोळेबाई आईच्या स्टुलावर बसली, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. राग गेला नव्हता. तो पुढे कितीतरी महिने जायचा नव्हता, मधेच दूध तापवताना उसळायचा आणि ती आईशी दोन-दोन दिवस तोडून बोलायची. पण आता तिच्याकडे एक प्रश्न होता आणि तो विचारायला समोर माणूस होतं.

"ते थांबलं कसं? मला आठवतच नाही शेवटचं."

आई म्हणाली, "तू दहाची होतीस. मी तुला आत घातलं, कशावरून ते आता खरंच आठवत नाही, हे खोटं नाही. आणि शेजारी फोन आला. अपघात झालाय, माणसं आणलीत, सिस्टर लगेच या. मी गेले. तू आत आहेस हे विसरले, असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरले नव्हते. वाटलं, तासाभरात येईन. वॉर्डात पाऊल टाकलं आणि मग वेळ कुठे गेला कळलं नाही. सहा तास."

"सहा."

"सहा. आले. कडी काढली. दार उघडलं. तू उभी होतीस, मधोमध. दाराला चिकटून नाही, मागे नाही, मधोमध. फ्रॉक ओला झालेला होता. चड्डी काढून तू तिची घडी घातली होतीस, नीट, चार घड्या, आणि कोपऱ्यात ठेवली होतीस. मी काही विचारलं नव्हतं. तूच म्हणालीस, 'आई, मी केव्हाच गप्प झालेय.'"

डोळेबाईला यातलं काही आठवत नव्हतं. ना मधोमध उभं राहणं, ना घडी. ती ऐकत होती आणि तिला ती पोर दिसत होती, भिंगरीएवढी.

"मग?"

"मग मी तुला अंघोळ घातली. दूध दिलं. तू प्यायलीस. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कडी काढून घेतली. त्याला सांगितलं, गंजलीय."

"परत सांग," डोळेबाई म्हणाली.

"कुठून?"

"दार उघडलंस तिथून."

आईने परत सांगितलं. मधोमध उभी होतीस. फ्रॉक ओला. चार घड्या. आई, मी केव्हाच गप्प झालेय. डोळेबाईने आणखी एकदा सांगायला लावलं आणि आईने आणखी एकदा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. तिसऱ्या वेळी त्या शेवटच्या वाक्यापाशी आईचाच आवाज फुटला. आणि डोळेबाई, जी दहाव्या वर्षानंतर आईसमोर कधी रडली नव्हती, ती आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. साधंसुधं नाही, भोकाड पसरून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. आईचा हात तिच्या डोक्यावर होता. कितीतरी वेळ ते चाललं होतं, आणि आईने तिला एकदाही गप्प हो म्हटलं नाही.